मिरर पूर्ण, तरी मशीन सुरू होईना
वाचकांचे प्रश्न : संगणक

(या सदरात कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली जातात. वेगळे सांगितले नसेल तेथे ती रोमन छोट्या अक्षरांत टाइप करावीत.)

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांची देवघेव आणि वर्गणीदारांच्या नोंदी एकाच संगणकावर आहेत. त्यात प्रत्येकी १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क असून, त्या दोहोंचा ‘एमडीअ‍ॅडम’ या साधनाने मिरर, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर ठेवणारे रेड-१, करून त्यावर डेबियन लिनक्स बसवलेले आहे. गणपतीच्या आधी पहिली डिस्क खराब झाली. दुरुस्ती करणाऱ्याने नवी डिस्क बसवली, दोन-अडीच तासांत मिरर पूर्ण झाला आणि मिररची स्थिती दाखवणाऱ्या ‘एमडीस्टॅट’मध्ये चौकटी कंसात दोन ‘यू’, म्हणजे दोन्ही डिस्क ठीक असल्याची खूण, दिसू लागले. त्यानंतर सर्व सुरळीत होते. दिवाळीच्या सुट्टीत संगणक बंद ठेवला आणि सुट्टीनंतर सुरू केला, तर काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात फक्त एक रेघ लुकलुकत राहते. आमच्या नोंदी गेल्या का? सगळे नव्याने बसवावे लागेल का? दोन्ही डिस्क चांगल्या असताना असे का व्हावे? — एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून नोंदी जागच्या जागी असाव्यात असे दिसते. म्हणून पहिली विनंती अशी की, कोणी ‘एकदा फॉरमॅट मारून टाकू’ असे म्हणाले तर त्याला हात लावू देऊ नका. डेबियन नव्याने बसवताना संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडला गेला, तर आज केवळ पोहोचता न येणाऱ्या नोंदी खरोखरच पुसल्या जातील.

आता असे का झाले ते पाहू. रेड-१ म्हणजे एका डिस्कची हुबेहूब दुसरी प्रत, असे आपण सहज म्हणतो, पण एमडीअ‍ॅडमच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. तुमच्याकडील मांडणीत एमडीअ‍ॅडम मिरर करतो तो पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवर पाडलेल्या भागाचा, संपूर्ण डिस्कचा नव्हे. पहिल्या डिस्कवरील पहिले पार्टिशन आणि दुसऱ्या डिस्कवरील पहिले पार्टिशन यांची जोडी जुळते आणि त्या जोडीच्या आत जे लिहिले जाते तेवढेच दोन्हीकडे उमटते. डिस्कच्या अगदी सुरुवातीचा भाग, म्हणजे पहिल्या पार्टिशनच्या आधीची जागा, कोणत्याच जोडीत नसते. आणि संगणक सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरील सुरुवातीचा प्रोग्राम) सर्वांत आधी वाचतो ती नेमकी हीच जागा.

जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालणाऱ्या तुमच्या संगणकात डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातील ४४६ बाइट बूटच्या सूचनांसाठी, पुढचे ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ‘ही डिस्क बूट करण्याजोगी आहे’ अशा खुणेसाठी राखलेले असतात. ४४६ बाइटमध्ये मावून मावणार किती? म्हणून ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, तेथे फक्त आपला उंबरठा ठेवतो आणि खरा कारभार पहिल्या सेक्टरनंतरच्या, पण पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत मांडतो. त्या भागाला मिरर वाचता येतो. तो मिररमधून आपली उरलेली मॉड्यूल आणि मेनू उचलतो आणि मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होते.

दुरुस्ती करणाऱ्याने बहुधा ‘एसएफडिस्क’ वापरून चांगल्या डिस्कवरील पार्टिशनांचा तक्ता नव्या डिस्कवर उतरवला आणि नवी पार्टिशने मिररमध्ये जोडली. त्या कामात चूक काही नाही. मात्र एसएफडिस्क तक्ता उतरवतो, शेवटची दोन बाइटची खूणही लिहितो, पण बूटच्या ४४६ बाइटना हात लावत नाही. परिणामी तुमच्या नव्या डिस्कच्या दारावर पाटी आहे, आत मात्र कोणी नाही. बायोसला खूण दिसते, तो त्या डिस्कवर विश्वास ठेवून पुढचा ताबा तिच्याकडे देतो आणि तेथे नुसती शून्ये असल्यामुळे मशीन तिथेच अडकते. लुकलुकणारी रेघ ती हीच.

मग दुसरी, जुनी पण धडधाकट डिस्क मदतीला का आली नाही? कारण डेबियन बसवताना ‘ग्रब कोणत्या डिस्कवर टाकू?’ असा प्रश्न येतो आणि बहुतेक जण पहिली डिस्क निवडून पुढे जातात. तुमच्याकडेही तसेच झालेले दिसते. म्हणजे इतकी वर्षे नोंदी दोन ठिकाणी होत्या, पण घराची किल्ली एकाच ठिकाणी होती, आणि ती खराब झालेल्या डिस्कबरोबर भंगारात गेली. मधल्या काळात काही जाणवले नाही, कारण संगणक बंदच झाला नव्हता आणि चालू मशीनला बूटलोडर लागत नाही. मी स्वतःही हा धडा असाच उशिरा शिकलो आहे: दोन ‘यू’ पाहून समाधानाने घरी गेलो आणि पुढच्या वीजकपातीनंतर पहाटे फोन आला.

दुरुस्तीसाठी डेबियनचा इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्ह पुरेल. शक्यतो तुमच्याकडे बसवलेली आवृत्तीच घ्या. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर मुख्य मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘रेस्क्यू मोड’ असतो. तो भाषा, कीबोर्ड, नेटवर्क असे नेहमीचेच प्रश्न विचारतो, त्यामुळे नव्याने बसवणे सुरू झाले की काय अशी धास्ती वाटते, पण पडद्याच्या वरच्या भागात ‘रेस्क्यू मोड’ ही अक्षरे दिसत असतील तर निश्चिंत राहा. पुढे मूळ फाइल सिस्टिम कोणत्या पार्टिशनवर आहे असे विचारले जाईल. त्या यादीतून थेट ‘एसडीए१’ किंवा ‘एसडीबी१’ उचलू नका. आधी ‘असेंबल रेड अ‍ॅरे’ हा पर्याय घेऊन मिरर जुळवून घ्या आणि मग यादीत आलेले ‘एमडी’ने सुरू होणारे नाव निवडा. जोडीतील एकच बाजू वेगळी उघडून तिच्यावर काही लिहिले गेले, तर दोन्ही बाजूंत फरक पडतो आणि मिररला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यानंतरच्या मेनूत ‘रीइन्स्टॉल ग्रब बूटलोडर’ असा पर्याय आहे. तेथे डिस्कचे नाव विचारले की मागे अंक न लावता संपूर्ण डिस्क द्या, म्हणजे ‘एसडीए’. ‘एसडीए१’ म्हणजे पार्टिशन झाले, ते नको. हे काम झाले की तोच पर्याय पुन्हा घेऊन ‘एसडीबी’ द्या. पेनड्राइव्हलाही असेच एखादे नाव मिळालेले असते आणि डिस्क बदलल्यावर नावांचा क्रमही बदलू शकतो, म्हणून रेस्क्यूचा शेल (कमांड टाइप करण्याचा पडदा) उघडून ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,सीरियल’ या कमांडने क्षमता आणि अनुक्रमांक आधी पाहून घ्या. डिस्कच्या लेबलवर छापलेला अनुक्रमांक आणि पडद्यावरचा अनुक्रमांक कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. चालू मिररमधून चांगलीच डिस्क उपसून काढल्याची उदाहरणे कमी नाहीत.

येथे बरेच जण थांबतात, पण डेबियनसाठी एक काम राहते. संगणक नेहमीसारखा सुरू झाला की रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ ही कमांड द्या. एकदोन प्रश्नांनंतर डिस्कची यादी येते. तीत दोन्ही डिस्कसमोर खूण करा, पार्टिशनांसमोर नको. ग्रबचे पॅकेज अद्ययावत झाल्यावर बूटलोडर कोणकोणत्या डिस्कवर पुन्हा लिहायचा याची नोंद डेबियन डिस्कच्या अनुक्रमांकासह ठेवते, आणि तुमच्या संगणकात ती नोंद अजूनही भंगारात गेलेल्या डिस्कची आहे. ही नोंद चुकली तर काय होते ते जुलै २०२० मध्ये अनेकांनी अनुभवले. ‘बूटहोल’ नावाची त्रुटी दुरुस्त करण्यासाठी ग्रबची नवी पॅकेजे आली. ज्यांच्याकडे नोंद चुकीची होती, त्यांच्या मिररमधील मॉड्यूल नवी झाली, पण डिस्कच्या सुरुवातीचा भाग जुनाच राहिला. जुन्या-नव्याचा मेळ बसेना आणि पुढच्या वेळी सुरू करताना ‘ग्रब_कॅलॉक’ हे चिन्ह सापडत नाही अशी तक्रार करून मशीन ‘ग्रब रेस्क्यू’च्या ओळीवर थांबू लागले. यंत्र किंवा डिस्क यांत काहीच बिघाड नव्हता, पत्ता तेवढा चुकला होता.

स्वॅपचाही, म्हणजे मेमरी कमी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेचाही, एक बारकावा. स्वॅप मिररमध्ये नसून पहिल्या डिस्कच्या स्वतंत्र पार्टिशनवर असेल, तर सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये त्याची जुनी यूयूआयडी (ओळख क्रमांक) राहिलेली असते. अशा वेळी संगणक सुरू होतो, पण नाहीशा झालेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहत बसतो. नव्या पार्टिशनवर ‘एमकेस्वॅप’ करून आलेली यूयूआयडी एफएसटॅबमध्ये लिहिली की ते थांबते.

शेवटी चाचणी, आणि ती वाचनालय बंद असण्याच्या दिवशीच करा. बायोसच्या मेनूतून दुसरी डिस्क निवडून पाहणे पुरेसे नाही, कारण दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना एकीवरील उंबरठा दुसरीवरील मॉड्यूल वाचून वेळ निभावून नेऊ शकतो. संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि एकट्या नव्या डिस्कवर तो सुरू होतो का ते पाहा. लॉगिन झाले की पुन्हा बंद करून केबल जोडा. आता जुनी डिस्क काही मिनिटांनी मागे पडलेली असल्यामुळे मिरर तिला बाहेर ठेवेल, आणि एमडीस्टॅटमध्ये एका ‘यू’च्या जागी खालची रेघ दिसेल. घाबरू नका. ‘एमडीअ‍ॅडम’च्या ‘री-अ‍ॅड’ पर्यायाने तिला आत घ्या. मिररला बिटमॅप (बदललेल्या भागांची नोंद) असेल तर केवळ बदललेला भाग उतरतो आणि काम क्षणात होते, नाहीतर पूर्ण वेळ लागेल. दोन्ही ‘यू’ परत आल्याशिवाय उलटी चाचणी करू नका. मधला टप्पा गाळून आधी एका आणि मग दुसऱ्या डिस्कवर एकेकटे सुरू केले, तर दोन्ही डिस्क स्वतःलाच खरी समजू लागतात आणि कोणत्या बाजूच्या नोंदी खऱ्या हे ठरवण्याची पाळी तुमच्यावर येते.

प्रश्न : माझ्या कार्यालयातील नव्या संगणकात दोन एनव्हीएमई डिस्कचा असाच मिरर आहे, पण तो जुन्या बायोसऐवजी यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतो. एक डिस्क बदलण्याची वेळ आली आहे. आधीच काय काळजी घ्यावी? — एक वाचक, नागपूर

उत्तर : वरातीमागून घोडे नाचवण्याऐवजी तुम्ही आधी विचारलेत, हे उत्तम. यूईएफआयमध्ये डिस्कच्या सुरुवातीची गुप्त जागा हा प्रकार नसतो. बूटलोडर ही साधी फाइल असते आणि ती ईएफआय सिस्टिम पार्टिशन या फॅट पद्धतीच्या लहान पार्टिशनवर ठेवलेली असते. मात्र हे पार्टिशन सहसा मिररच्या बाहेर असते, कारण फर्मवेअरला (मदरबोर्डवरील प्रोग्रामला) एमडीअ‍ॅडमची भाषा कळत नाही. शिवाय कोणत्या पार्टिशनवरील कोणती फाइल उघडायची याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत असते आणि ती त्या विशिष्ट पार्टिशनच्या ओळख क्रमांकाशी बांधलेली असते. त्यामुळे तुम्हाला दोन गोष्टी पुन्हा उभ्या कराव्या लागतील, फाइल आणि नोंद.

नवी डिस्क बसवल्यावर ‘एसजीडिस्क’च्या कॅपिटल ‘आर’ पर्यायाने पार्टिशनांचा तक्ता उतरवता येतो, पण येथे दोनदा वाचून मगच एंटर दाबा. ‘आर’नंतर लगेच येते ती नवी, रिकामी डिस्क, आणि ओळीच्या शेवटी येते ती जुनी, भरलेली. आपल्या मनातला क्रम याच्या उलट असतो. क्रम चुकला तर रिकाम्या डिस्कचा तक्ता भरलेल्या डिस्कवर जाऊन बसतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तक्ता उतरला की ‘एसजीडिस्क’चाच कॅपिटल ‘जी’ पर्याय नव्या डिस्कवर चालवा, म्हणजे दोन डिस्कचे ओळख क्रमांक सारखे राहणार नाहीत. मग मोठे पार्टिशन मिररमध्ये जोडा.

मिरर भरत असताना नव्या ईएफआय पार्टिशनवर फॅट-३२ फाइल सिस्टिम तयार करा, ते तात्पुरते कोठेतरी माउंट करा (लिनक्सला जोडा) आणि चांगल्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमधील सगळे फोल्डर जसेच्या तसे त्यात कॉपी करा. जे पार्टिशन गेले तेच एकमेव भरलेले असेल, तर ‘ग्रब-इन्स्टॉल’ने नव्याने भरावे लागेल. दोन्ही पार्टिशनांवर आळीपाळीने ग्रब-इन्स्टॉल चालवण्यात एक अडचण आहे: दुसऱ्या वेळी ती कमांड त्याच नावाची आधीची नोंद काढून आपली नोंद ठेवते, त्यामुळे दोन नोंदी हव्या असताना एकच उरते. म्हणून मी फाइली कॉपी करून नोंद ‘ईएफआयबूटएमजीआर’ने स्वतः करणे पसंत करतो. तिला डिस्क, पार्टिशनचा क्रमांक, ओळखीसाठी एखादे नाव आणि फाइलचा पत्ता द्यावा लागतो. सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) सुरू असेल तर पत्ता ‘शिम’ने सुरू होणाऱ्या फाइलचा द्या. नावे ‘डेबियन-डावी’ आणि ‘डेबियन-उजवी’ अशा अर्थाची, जागा कळेल अशी ठेवलीत तर पुढे कधी घाईत मेनू उघडावा लागला तरी गोंधळ होणार नाही. पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करत असाल, तर तो यूईएफआय पद्धतीनेच सुरू करा. जुन्या पद्धतीने सुरू केलेल्या लिनक्सला या नोंदी दिसतही नाहीत.

काही फर्मवेअर डिस्क गायब झालेली दिसताच तिची नोंद पुसून टाकतात. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही ईएफआय पार्टिशनांवर ‘ईएफआय’ फोल्डरमधील ‘बूट’ या फोल्डरात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल असणे. नोंद नसली तरी फर्मवेअर हा ठरलेला पत्ता तपासून पाहते. ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ दिल्यावर रिमूव्हेबल मीडियाच्या पत्त्यावरही बसवायचे का, असा प्रश्न येतो. त्याला होकार द्या आणि मग कॉपी करा.

एफएसटॅबमध्ये ईएफआय पार्टिशनची ओळ असते. ते पार्टिशन मेलेल्या डिस्कवर असले, तर बूटलोडर ठीक असूनही संगणक दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द आजच घालून ठेवा, डिस्क बदलण्याची वाट पाहू नका. डेबियनमध्ये कर्नल ‘बूट’ या डिरेक्टरीत, म्हणजे मिररमध्येच असते, त्यामुळे दुसऱ्या ईएफआय पार्टिशनवर कॉपी करण्याची गरज ग्रब किंवा शिमचे पॅकेज बदलले तरच पडते.

ईएफआय पार्टिशनच मिररमध्ये घालावे, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. मिररची माहिती पार्टिशनच्या शेवटी ठेवणारा १.० हा मेटाडेटा वापरला की फर्मवेअरला ते साधे फॅट पार्टिशन वाटते आणि युक्ती चालतेही. पण फर्मवेअरने एखाद्या बाजूवर स्वतः काही लिहिले तर लिनक्सला ते कळत नाही आणि दोन बाजू गुपचूप वेगळ्या होतात. मला स्वतःला हाताने केलेली कॉपी बरी वाटते.

प्रॉक्समॉक्स आणि झेडएफएस वापरणाऱ्यांनी यातील बहुतेक गोष्टी विसराव्यात. तेथे तक्ता उतरवल्यावर आणि ‘झेडपूल रिप्लेस’ दिल्यावर ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल’चे ‘फॉरमॅट’ आणि ‘इनिट’ हे दोन पर्याय नव्या डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर चालवले की पुढील कॉपीचे काम ते साधन स्वतःच करत राहते.

प्रश्न : एका मित्राने सांगितले की चांगल्या डिस्कचे पहिले ४४६ बाइट ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या कमांडने नव्या डिस्कवर उतरवले की झाले. ग्रब-इन्स्टॉलची कटकट कशाला? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : त्या ४४६ बाइटमध्ये काय असते ते वरच्या पहिल्या उत्तरात आले आहे: फक्त उंबरठा. तो पुढच्या सेक्टरकडे बोट दाखवतो आणि नव्या डिस्कवर त्या सेक्टरमध्ये काहीच नसते. म्हणजे एवढे करून तुम्ही लुकलुकणारी रेघ बदलून दुसऱ्या कुठल्या तरी लुकलुकणाऱ्या रेघेवर पोहोचाल. ४४६ ऐवजी पूर्ण ५१२ बाइट उतरवले तर पार्टिशनांचा तक्ताही जातो, आणि नव्या डिस्कवरची पार्टिशने वेगळ्या मापाची असतील तर ती गेलीच म्हणून समजा. जुन्या पद्धतीच्या तक्त्यावर, दोन्ही डिस्कची मांडणी तंतोतंत सारखी असेल, तर पहिल्या पार्टिशनच्या आधीचा सगळा १ एमबीचा भाग उतरवून काम भागते हे खरे. मात्र जीपीटी हा नव्या पद्धतीचा तक्ता असेल तर ग्रबचा मोठा भाग त्या जागेत नसून बायोस बूट नावाच्या वेगळ्या लहान पार्टिशनमध्ये असतो, आणि सुरुवातीचा भाग उतरवल्याने दोन डिस्कना एकच ओळख क्रमांक मिळतो. शिवाय डीडीने काहीही केले तरी डेबियनच्या नोंदीत जुनीच डिस्क राहते. ग्रब-इन्स्टॉलची ‘कटकट’ म्हणजे एक ओळ आणि काही सेकंद.